आधी चेंडू, मग माती: गोल्फचा फटका स्वच्छ बसण्यासाठी

रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, मॅटवरून बऱ्यापैकी मारणारा माणूस पहिल्यांदा कोर्सवर जातो आणि पहिल्याच फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) त्याचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, चेंडूच्या आधी जमिनीत रुततो. चेंडू वीसेक पावलं सरपटतो आणि थांबतो. पुढचा फटका तो जपून मारायला जातो, तर क्लबची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू जमिनीलगत सणसणत ग्रीनच्या (खळगा असलेल्या बारीक गवताच्या भागाच्या) पलीकडे निघून जातो. कॅडी सांगतो, "साहेब, मान वर केलीत." सोबतचे जुने मेंबर म्हणतात, "घाई होतेय तुमची." दोघंही मनापासून सांगत असतात. पण या दोन्ही फटक्यांचं मूळ सहसा एकच असतं आणि ते मानेत नसतं. क्लब ज्या वाटेने फिरतो, त्या वाटेचा तळ चुकीच्या जागी पडत असतो.

हा लेख त्या तळाबद्दल आहे. ग्रिप (क्लब धरणं), स्टान्स (उभं राहणं), वजन, मनगट हे सगळं येईल, पण तळ जागेवर आणण्यापुरतंच. क्लब हातात धरून काही आठवडे किंवा महिने झालेत, फटका कधी झकास बसतो आणि कधी अजिबात बसत नाही, आणि का ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलट करून वाचावं. सुरुवातीला क्लब एकच घ्या, सात नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब). ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याचा मोठा क्लब, काही दिवस बॅगेतच राहू द्या.

फटका बसताना काय होतं

नियमाप्रमाणे गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसतो. म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या चेंडूचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटर वर. क्लबची खालची कड या मध्याच्या बरीच खाली पोचली तरच चेंडू क्लबफेसवर (पात्याच्या सपाट पुढच्या बाजूवर) नीट बसतो. क्लब आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात तो काळ साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. एवढ्या वेळात हाताने काही सावरून घेणं कुणालाच शक्य नाही. जे करायचं ते आधी, उभं राहताना आणि क्लब खाली येत असताना.

क्लब तुमच्याभोवती वर्तुळाकार फिरतो आणि एका ठिकाणी सर्वांत खाली येऊन पुन्हा वर चढतो. आयर्नने जमिनीवरून मारताना ही सर्वांत खालची जागा चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडायला हवी. चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत ती सुमारे १० सेंटिमीटर पुढे असते. त्यामुळे त्यांचा क्लब उतरता उतरता आधी चेंडूला लागतो, मग जमिनीला. गवत उडून जो डिव्हॉट पडतो, तो चेंडूच्या जागेपासून पुढे सुरू होतो.

आता तळ चेंडूच्या मागे पडला तर काय? क्लब तिथेच जमिनीत शिरला तर फटका फॅट. जमिनीला न लागता किंवा नुसता घासून निघाला तर चेंडूपर्यंत येईतो तो वर चढायला लागलेला असतो आणि त्याची कड चेंडूच्या मध्याला लागते, हा थिन. आणखी वर लागली की टॉप. फॅट आणि टॉप दिसायला एकमेकांच्या उलट, म्हणून नवखा माणूस एकावर उपाय करताना दुसरा ओढवून घेतो. फॅट झाला की अंग वर उचलतो, टॉप झाला की खाली वाकतो. तळ मात्र होता तिथेच, मागे.

तळ मागे का जातो, याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे चेंडू हवेत उचलायची धडपड. सात नंबरच्या क्लबफेसला साधारण ३० ते ३४ अंशांचा कल असतो, अलीकडच्या काही सेटमध्ये याहून कमी. चेंडू वर नेण्याचं काम त्या कलाचं आहे, तुमचं नाही. हे डोक्याला पटतं, पण हातांना पटायला वेळ लागतो. उचलायच्या नादात वजन उजव्या पायावर राहतं, उजवं मनगट क्लबला चेंडूखाली ढकलतं आणि तळ मागे सरकतो.

याच्या उलट, कुणी "खाली मारा" म्हटलं की काही जण कुदळ घालावी तसा क्लब जमिनीत घालतात. त्याचीही गरज नाही. मोठ्या व्यावसायिक दौऱ्यांवर खेळणाऱ्या पुरुषांचं सात नंबरचं आयर्न चेंडूला लागताना फक्त ४ अंशांच्या आसपास उतरतं असतं. म्हणजे उतार अगदी सौम्य. तळ पुढे असला की तो आपोआप मिळतो.

क्रिकेट खेळलेला हात

आपल्याकडे गोल्फला येणारे बहुतेक जण आधी टेनिस बॉलवर तरी क्रिकेट खेळलेले असतात. त्याचा तोटाच होतो असं सर्रास बोललं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं.

तोटा होतो तो षटकार मारायच्या सवयीचा. मागच्या पायावर राहून, खालच्या हाताने बॅट चेंडूखाली घालून उचलायचं, हे गोल्फमध्ये आणलंत की तळ मागे गेलाच. पण जमिनीलगतचा स्ट्रेट ड्राइव्ह आठवा. चेंडू हवेत जाऊ नये म्हणून आपण बॅटचं हँडल पुढे झुकवतो, वजन पुढच्या पायावर घेतो, वरचा हात सूत्रं सांभाळतो आणि डोकं स्थिर असतं. आयर्नच्या फटक्याला अगदी हेच लागतं. हँडल पुढे, वजन पुढे, डाव्या हाताचा ताबा. फरक इतकाच की बॅटला कल नसतो, म्हणून तो चेंडू जमिनीवरून जातो. इथे क्लबला कल आहे, म्हणून तीच कृती चेंडूला हवेत पाठवते. ज्याचा बचाव आणि ड्राइव्ह पक्के होते, त्याला आयर्न लवकर येतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. तेव्हा क्रिकेट विसरू नका, त्यातला योग्य फटका आठवा.

पायरी १: ग्रिप

डाव्या हाताने क्लब धरताना तो तळव्यात नव्हे, बोटांच्या मुळाशी यायला हवा. हात मिटल्यावर वरून बघा: डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाचे दोन ते अडीच उंचवटे दिसले पाहिजेत आणि अंगठा-तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याकडे बघत असली पाहिजे. एकच उंचवटा दिसत असेल तर इम्पॅक्टला, म्हणजे क्लब चेंडूला लागतो त्या क्षणी, क्लबफेस उघडा (उजवीकडे तोंड केलेला) राहण्याची शक्यता मोठी आणि चेंडू उजवीकडे वळत जाईल.

उजवा हात त्याखाली. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची की तिच्यात गुंतवायची, यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. पहिली पद्धत हॅरी वार्डनच्या नावाने ओळखली जाते, दुसरीने जॅक निक्लॉस आणि टायगर वुड्स आयुष्यभर खेळले. लहान हात असणाऱ्यांना गुंतवलेली ग्रिप बरी वाटते. तुम्हाला दोन्ही हात एकत्र काम करताहेत असं जिच्यात जाणवेल ती घ्या.

पकड घट्ट नको. दंडापर्यंत ताण जाणवला तर ती जास्तच घट्ट आहे. ताठरलेले हात आखडतात आणि चेंडूपर्यंत पुरे पोचत नाहीत. मुंबई-कोकणात घामाने ग्रिप सटकते आणि मग माणूस नकळत आवळतो. दोन ग्लोव्ह जवळ ठेवून आलटून पालटून घाला, ग्रिप पुसायला कोरडा टॉवेल ठेवा. रबरी ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर ती बदलून घेणं हा नवीन क्लबपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा खर्च आहे.

पायरी २: उभं राहणं

पाय खांद्याएवढे रुंद. कमरेतून नव्हे तर खुब्यातून पुढे झुका, पाठ सरळ, गुडघे जरासे सैल. हात खांद्यांखाली सैल लोंबू द्या आणि लोंबतील तिथेच क्लब धरा. हँडलचं टोक आणि मांड्या यांत एक ते दीड मुठीचं अंतर राहतं. वजन तळपायांच्या मध्यावर. बोटांवरही नाही, टाचांवरही नाही.

चेंडू कुठे? सात नंबरला स्टान्सच्या मध्याच्या किंचित डावीकडे. पिचिंग वेजला (जास्त कलाच्या, जवळच्या फटक्यांच्या क्लबला) बरोबर मध्ये. नवखे लोक चेंडू फार पुढे ठेवतात, कारण तिथून तो उचलायला सोपा वाटतो. चेंडू एक-दोन इंच पुढे सरकला तरी तळ त्याच्यामागे पडू शकतो, आणि मग स्विंग उत्तम असूनही फटका फॅट. म्हणून प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला दोन क्लब जमिनीवर ठेवा. एक पायांच्या बोटांसमोर, लक्ष्याशी समांतर. दुसरा त्याला काटकोनात, चेंडूपासून तुमच्या दोन पायांमध्ये येणारा. दिशा आणि चेंडूची जागा दोन्ही दिसतात. मारायच्या आधी काटकोनातला क्लब काढून ठेवा.

हात चेंडूच्या किंचित पुढे, डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर. फार पुढे ढकलू नका.

पायरी ३: रेघ

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. चेंडू लागत नाही, कोर्स लागत नाही, प्रोची (प्रशिक्षकाची) फी लागत नाही. गावाकडची पडीक जागा, मैदानाचा कोपरा, जिथे गवत खरडलेलं चालेल आणि आसपास माणसं नसतील अशी कुठलीही जागा पुरते. चारी बाजूंना कुणी नाही याची खात्री प्रत्येक वेळी करा. क्लब हातातून सुटू शकतो आणि खडा लांब उडतो.

जमिनीवर चुन्याची किंवा रांगोळीची दीड-दोन मीटर लांब रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून असं उभं राहा की रेघ तुमच्या सात नंबरच्या चेंडूच्या जागी येईल, म्हणजे मध्याच्या किंचित डावीकडे. आता रेघेवर चेंडू आहे असं समजून स्विंग करा आणि क्लब जमिनीला कुठे लागला ते बघा. एक पाऊल पुढे सरका, पुन्हा स्विंग. रेघ संपेपर्यंत असंच.

मग मागे वळून सगळ्या खुणा एकदम बघा. क्लब रेघेवर किंवा तिच्या डावीकडे जमिनीला लागू लागला पाहिजे. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या खुणा रेघेच्या उजवीकडे, चार बोटं, कधी वीतभर मागे असतात. शिवाय एकसारख्या नसतात: एक मागे, एक पुढे, एक लागलीच नाही. हे चित्र बघितलं की कोर्सवर काय होत होतं ते कुणी सांगावं लागत नाही.

आता खुणा पुढे न्यायच्या. आधी पूर्ण स्विंग सोडा. क्लब कमरेपर्यंत मागे, कमरेपर्यंत पुढे, एवढाच. छातीच्या मधलं हाड रेघेच्या वर किंवा जरासं पुढे राहील असं बघा. क्लबचा तळ छातीच्या मागोमाग जातो. छाती मागे झुकली की तळ मागे, छाती पुढे आली की तळ पुढे. हे एवढं जाणवू लागलं की बाकीची निम्मी दुरुस्ती आपोआप होते. सलग खुणा रेघेच्या पुढे पडू लागल्या की खांद्यापर्यंतचा स्विंग, मग पूर्ण. मध्येच खुणा मागे गेल्या तर एक टप्पा खाली या.

चेंडू ठेवायची घाई करू नका. चेंडू समोर दिसला की मारायची ऊर्मी येते आणि हात पुन्हा उचलू लागतात. रेघेवर जमतं आणि चेंडू ठेवल्यावर बिघडतं, असं जवळजवळ सगळ्यांचं होतं. तेव्हा एक स्विंग रेघेवर आणि एक चेंडूवर, असं आलटून पालटून करा, आणि चेंडू कुठे गेला याआधी खूण कुठे पडली ते बघा.

डिव्हॉट वाचायलाही शिका. तो कुठे सुरू होतो हे पहिलं. दुसरं, त्याची दिशा: लक्ष्याच्या डावीकडे तोंड करून असेल तर क्लब बाहेरून आत येतो आहे. तिसरं, खोली: शरीराकडची कड खोल असेल तर क्लबची टाच (पात्याची दांडीकडची बाजू) खाली जाते आहे, बाहेरची कड खोल असेल तर टोक. एकाच बाजूला सतत खोल जात असेल तर क्लबचा लाय अँगल (दांडी आणि जमीन यांतला कोन) तुमच्या उंचीला जुळत नसावा. तो क्लब दुरुस्त करणाऱ्याकडून वाकवून घेता येतो. आणि कोर्सवर डिव्हॉट पाडलात तर गवताचा तुकडा परत बसवा किंवा वाळू भरा.

मॅट काय लपवते

शहरात बहुतेकांच्या वाट्याला मॅटच येते, त्यामुळे तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मॅटवर क्लब चेंडूच्या पाच सेंटिमीटर मागे आपटला तर तो रुतत नाही, घसरत पुढे येतो आणि चेंडूला लागतो. आवाज जरा जड येतो, चेंडू तरीही जातो. तोच फटका ओल्या फेअरवेवर वीस पावलं गेला असता. महिनोन् महिने मॅटवर मारून माणसाला आपलं बरं चाललंय असं वाटतं ते यामुळे.

उपाय साधा. छोटा नॅपकिन पातळ घडी करून चेंडूच्या मागे ठेवा. आधी क्लबहेडच्या दोन रुंदींएवढ्या अंतरावर, साधारण १५ सेंटिमीटर. जमू लागलं की जवळ आणत १० सेंटिमीटरपर्यंत. नॅपकिनला न लागता चेंडू मारायचा. नॅपकिन उडाला की फटका फॅट होता, चेंडू कितीही छान गेला असो. जाड टॉवेल नको, क्लब अडकून मनगटाला झटका बसतो. मॅट टणक असेल, खाली थेट काँक्रीट असेल, तर चेंडूंची संख्या कमी ठेवा. कोपर दुखायला लागलं तर थांबा, मारत राहू नका.

महिन्यातून एकदा तरी गवतावरून मारायची सोय बघा. आपल्याकडचे बरेच जुने कोर्स, पुण्यात येरवड्याचा किंवा मुंबईत चेंबूरचा, सदस्यांचे क्लब आहेत. पाहुणा म्हणून जाता येतं ते ओळखीने. नवी मुंबईत सिडकोने उभारलेला खारघरचा कोर्स मात्र सदस्य नसलेल्यांनाही पैसे भरून खेळता येतो. अशी ठिकाणं आपल्याकडे आणखी व्हायला हवीत असं मला फार वाटतं. जमिनीवरून मारायला मिळालं नाही तर फटका सुधारणार कसा?

पायरी ४: वजन आणि डावं मनगट

तळ पुढे नेणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे इम्पॅक्टला डाव्या पायावर आलेलं वजन आणि सपाट डावं मनगट. दोन्हींसाठी एकेक व्यायाम पुरे.

वजनासाठी: नेहमीसारखे उभे राहा, मग उजवा पाय थोडा मागे घेऊन त्याची टाच उचला. उजव्या पायाची फक्त बोटं टेकलेली, वजन जवळजवळ सगळं डाव्यावर. या अवस्थेत कमरेपर्यंतच्या स्विंगने छोटे चेंडू मारा. मागे रेलायला जागाच नसल्याने फटका आपोआप चेंडूवर उतरतो. पहिल्यांदा तोल जाईल, म्हणून हळू. मग दोन्ही पायांवर उभं राहून तीच जाणीव शोधा. पूर्ण स्विंगमध्ये वजन आधी उजवीकडे जाईल, पण डाउनस्विंग (क्लब खाली येणं) सुरू होतानाच ते डावीकडे परतायला हवं, क्लब खाली आल्यावर नव्हे.

मनगटासाठी: अर्ध्या स्विंगचे फटके मारा आणि चेंडू गेल्यावर क्लब कमरेच्या उंचीवर थांबवा. डाव्या हाताची मागची बाजू आणि कोपरापर्यंतचा हात जवळजवळ एका रेषेत असला पाहिजे. मनगट मागे मोडलेलं दिसलं, म्हणजे क्लबहेड हातांना मागे टाकून पुढे पळालं आहे, तर तिथे उचल झाली. ताकद अर्धी करा आणि पुन्हा.

प्रत्येक पूर्ण फटक्यानंतर चेंडू जमिनीवर येईपर्यंत फिनिशमध्ये, म्हणजे स्विंग संपल्यावरच्या अवस्थेत, उभे राहा. पोट लक्ष्याकडे, वजन डाव्या टाचेवर, उजव्या बुटाचा तळवा मागच्या माणसाला पूर्ण दिसेल असा. उभं राहता येत नसेल तर तुम्ही तोलापेक्षा जास्त जोर लावला आहे.

आणि डोकं. "मान खाली ठेवा" हा सल्ला शब्दशः पाळणारे हनुवटी छातीत रुतवतात. मग खांदे वळत नाहीत, वजन पुढे जात नाही आणि टॉप होतोच. डोकं साधारण त्याच उंचीवर राहू द्या आणि चेंडू गेल्यावर शरीराबरोबर वळू द्या.

पायरी ५: क्लबफेसवर चेंडू कुठे लागला

तळ जागेवर आला की फटका उंचीत सुधारतो. आडव्या दिशेत तो टाचेकडे लागतो की टोकाकडे, हे बघायला क्लबफेसवर टाल्कम पावडरचा हलका थर लावा किंवा चेंडूवर पुसता येणाऱ्या मार्करने ठिपका काढून तो भाग क्लबकडे ठेवा. फटक्यानंतर खूण स्पष्ट दिसते. दर दोन-तीन फटक्यांनी पुसा.

खुणा टोकाकडे जमत असतील तर तुम्ही लांब उभे आहात, नाहीतर ताणामुळे हात आत ओढले जाताहेत. टाचेकडे असतील तर वजन पायांच्या बोटांवर जातंय आणि खाली येताना शरीर चेंडूकडे सरकतंय. टाचेच्याही आत, जिथे दांडी क्लबहेडला जोडलेली असते तिथे चेंडू लागला की शँक, चेंडू थेट उजवीकडे उडतो. शँक झाला की माणूस घाबरतो आणि पुढचे चारही तसेच जातात. तेव्हा थांबा, चेंडूच्या पलीकडे दोन बोटांच्या अंतरावर रिकामा कागदी खोका ठेवा आणि त्याला धक्का न लावता छोट्या स्विंगने मारा. वजन टाचांकडे ठेवलं की सहसा तिथेच सुटतो.

दिशेबद्दल थोडक्यात. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेस ज्या दिशेला बघतो तिकडे, आणि वळतो तो क्लबफेस व क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे. चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर वाट डावीकडे जाते आहे आणि फेस तिच्या तुलनेत उघडा आहे. आधी ग्रिप तपासा. फटका मध्यावर बसत नाही तोवर वळणाच्या मागे लागू नका, कारण टोकाला किंवा टाचेला लागलेला चेंडू वेगळ्याच कारणाने भरकटतो.

एका बकेटचा सराव

पन्नास चेंडूंची बकेट घेतलीत असं धरा. पहिले दहा कमरेपर्यंतच्या स्विंगने, टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) नव्हे, जमिनीवर ठेवून. पुढचे वीस नॅपकिन मागे ठेवून, प्रत्येक चेंडूआधी एक कोरा स्विंग करून. त्यानंतरचे दहा पावडर लावून. उरलेले दहा कोर्सवर असल्यासारखे: दर वेळी वेगळं लक्ष्य, वेगळा क्लब, चेंडूमागे उभं राहून दिशा बघून. पन्नास चेंडू वीस मिनिटांत संपले तर तो नुसता व्यायाम झाला; तासभर लावा.

मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ फार कामाचा आहे, पण कॅमेरा छातीच्या बरोबर समोर, हातांच्या उंचीवर हवा. तिरका असला की हँडल पुढे दिसतं की मागे यावर भरवसा राहत नाही. तीनच गोष्टी बघा: इम्पॅक्टला हात चेंडूच्या पुढे आहेत का, वजन डाव्या पायावर आहे का, क्लब आधी कुणाला लागला. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला पुण्याचा उदयन माने किंवा पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी यांचे आयर्नचे फटके याच तीन प्रश्नांसाठी बघा. त्यांचा बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) तुमच्यासारखा नसेल. त्याची नक्कल करू नका.

पाऊस आणि उन्हाळा

आपल्या हवामानात फटक्याची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पावसाळ्यात जमीन भुसभुशीत असते आणि तळ दोन सेंटिमीटर मागे पडला तरी क्लब रुततो. अशा दिवशी एक क्लब जास्त (सातऐवजी सहा नंबर) घ्या, हँडलवर दोन बोटं खाली धरा आणि तीन चतुर्थांश स्विंगने मारा. फटक्याआधी क्लबफेसच्या खाचा टीच्या टोकाने साफ करा. चिखल भरलेल्या खाचा चेंडूला पकड देत नाहीत. बऱ्याच क्लबांत पावसाळ्यात फेअरवेवरचा चेंडू उचलून, पुसून परत ठेवायची मुभा देणारा स्थानिक नियम लावतात. खेळायला निघण्याआधी विचारून घ्या.

एप्रिल-मेमध्ये उलट. जमीन दगडासारखी, आणि वेजचं जाड बूड तिच्यावरून उसळून कड चेंडूच्या मध्याला लागते. तिथे सँड वेजऐवजी पिचिंग वेज किंवा नऊ नंबर वापरा, चेंडू जरा मागे घ्या आणि छोटा, जमिनीलगत जाणारा फटका खेळा.

ड्रायव्हरची वेळ

रेघेवर खुणा सलग पुढे पडू लागल्या की ड्रायव्हर काढा, आणि आतापर्यंतची एक गोष्ट बदला. चेंडू टीवर असल्यामुळे इथे तळ चेंडूच्या मागे पडलेला चालतो, किंबहुना बरा. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, पाय जरा रुंद, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, टीची उंची अशी की क्लब जमिनीवर टेकल्यावर अर्धा चेंडू त्याच्यावर दिसेल. वजन डावीकडे जाणं मात्र तसंच. ड्रायव्हर मारून पुन्हा आयर्नकडे वळताना चेंडूची जागा परत मध्याजवळ आणायला लोक विसरतात; फेरीच्या मधल्या होल्सवर अचानक फॅट सुरू झाले तर आधी हेच तपासा.

दोन-तीन आठवडे रेघेवर काम करूनही खुणा मागेच पडत असतील तर प्रोकडे जा. जाताना रेघेवरच्या खुणांचे फोटो, पावडर लावलेल्या क्लबफेसचे फोटो आणि समोरून काढलेला एक व्हिडिओ बरोबर न्या. "माझा फटका बसत नाही" एवढंच सांगितलंत तर पहिला अर्धा तास तो शोधण्यातच जातो.